आजोबांना चौथा महिना

"तुम्ही नक्की काय काम करता?" या प्रश्नाला मी तीस वर्षं "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच उत्तर देत आले. खरं उत्तर एकदाच दिलं, लग्न ठरताना, होणाऱ्या सासूबाईंना. म्हटलं, "दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते." सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याचा पगार देतात? आम्ही जन्मभर फुकट काढल्या."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या माळ्यावर आमची कंपनी होती. खाली स्क्रू बनायचे, वर सॉफ्टवेअर. मंगल कार्यालयं, शिकवणीचे क्लास, रक्त तपासायच्या लॅब अशा छोट्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. म्हणजे बाकीचे लिहायचे. मी टेस्टर. प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी माझ्याकडे यायचा, मी त्याला नाही नाही ते प्रश्न विचारून भंडावून सोडायचे आणि माझ्या तोंडून "चालेल" निघालं की तो गिऱ्हाइकाकडे जायचा. ते "चालेल" माझ्या तोंडून सहजासहजी निघत नसे, याचा मला भयंकर अभिमान होता.

सवय अंगात इतकी मुरली की लग्नपत्रिका हातात आली तर मी आधी शुद्धलेखन बघते, मग तारीख आणि वार जुळतो का ते, आणि सगळ्यात शेवटी लग्न कुणाचं आहे ते. आमचे हे म्हणतात, "तुझ्यासमोर देव उभा राहिला तर तू आधी त्याचे हात मोजशील, आणि चार नसले तर तक्रार नोंदवशील." नोंदवीन. त्यात काय चुकलं?

हा गुण वडिलांकडून आला. बाबा मालवणकडून मुंबईत आले आणि गिरणीत कापड तपासायला लागले. ताग्याचं कापड समोरून सरकत जायचं, खोट दिसली की खडूने खूण. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकत एकच गोष्ट सांगितली, "बाय, खोट गावली नाय म्हणान खोट नाय असा नसता. तागो पुरो उलगडूचो लागता." मी मान हलवली. वडीलधाऱ्यांसमोर हलवतात तशी, म्हणजे ऐकलं नाही.

आता ज्या प्रकरणाबद्दल लिहायचंय त्याची सुरुवात बोरिवलीच्या एका मंगल कार्यालयात झाली. तिथल्या मालकांचा एका संध्याकाळी फोन आला. पलीकडून आधी सनई ऐकू येत होती, मग शिव्या. झालं होतं असं की त्या दिवशी सकाळी एका संतोषचं एका मनीषाशी लग्न होतं, आणि संध्याकाळी दुसऱ्याच एका संतोषचा दुसऱ्याच एका मनीषाशी साखरपुडा. आमच्या प्रोग्रॅमने नावं आणि तारीख एकच बघून ठरवलं की ही एकच नोंद चुकून दोनदा झाली आहे, आणि संध्याकाळची पुसून टाकली. साखरपुड्याची मंडळी दारात आली तेव्हा आत खुर्च्यांचे ढीग लागले होते आणि आचारी घरी गेला होता. शेवटी सकाळच्या मांडवाखाली, सकाळच्याच उरलेल्या जिलब्यांवर साखरपुडा झाला. भिंतीवर "संतोष आणि मनीषा" अशी थर्मोकोलची अक्षरं होतीच, ती मात्र दोघांना चालली.

आमचे साहेब नाडकर्णी स्वतः प्रोग्रॅम लिहायचे. त्यांनी ठरवलं, नावावरून माणूस ओळखायचा हा धंदा बंद.

इथे थोडं समजावून सांगते. आमच्या दिंडोशीच्या इमारतीत जिन्याखाली टपालाच्या पेट्या आहेत. पोस्टमन प्रत्येक पेटी उघडून बघत बसत नाही, पाकिटावरचं वाचतो आणि थेट त्या पेटीपाशी जातो. कॉम्प्युटरमध्येही अशीच कप्प्यांची सोय असते, तिला हॅश टेबल म्हणतात. आपण त्याला एक खूण द्यायची, तो त्या खुणेवरून काहीतरी हिशेब करून थेट कप्पा गाठतो. खूण म्हणून माणसाचं नाव दिलं तर दोन संतोष एकाच कप्प्यात पडून बोरिवली होते. म्हणून नाडकर्णींनी खूण म्हणून नाव न देता जागा द्यायची ठरवली. त्या माणसाची नोंद कॉम्प्युटरच्या आठवणीत ज्या ठिकाणी बसली आहे, त्या ठिकाणाचा पत्ता. याला रेफरन्स म्हणतात. दोन संतोष असोत नाहीतर दोनशे, प्रत्येकजण वेगळ्या जागी बसलेला, म्हणून प्रत्येकाचा कप्पा वेगळा. झकास कल्पना होती, आणि ती तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मी ती तपासली कशी, तर एका वेळी चाळीस संतोष कदम भरले. सगळे बेचाळीस वर्षांचे, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे. प्रत्येकाला वेगळी टीप लावली आणि एकाचीही टीप दुसऱ्याला गेली नाही. मी खूश. एक चाचणी झाली की पुढची सुरू करण्याआधी प्रोग्रॅम बंद, मशीन बंद, पुन्हा चालू, सगळे कप्पे रिकामे, मग नवी सुरुवात. आधीच्या चाचणीचा विटाळ पुढच्या चाचणीला होऊ नये असा माझा कडक नियम. ऑफिसात याला "रजनीताईंचं सोवळं" म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं.

त्याच पद्धतीने लिहिलेला एक प्रोग्रॅम मग आम्ही घाटकोपरच्या एका लॅबला दिला.

लॅबमध्ये प्रत्येक पेशंटच्या नावापुढे काउंटरवरची मुलगी एक शेरा लिहायची. "उपाशीपोटी" किंवा "रक्त पातळ व्हायची गोळी चालू" किंवा आणखी काही. तो रिपोर्टच्या तळाशी छापून यायचा. पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी एक निवृत्त कवायतीचे मास्तर, वय बहात्तर, आपला रिपोर्ट घ्यायला आले. त्यांनी चष्मा लावला, तळाचा शेरा वाचला आणि काउंटरसमोरच्या रांगेकडे वळून कवायतीच्याच आवाजात म्हणाले, "मंडळी, अभिनंदन करा माझं. चौथा महिना आहे."

रांग हसली, मास्तर हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यानंतर दोन आठवड्यांत असे आणखी पाच-सहा घोळ झाले. एका बाईंच्या रिपोर्टवर त्या घेत नसलेली रक्त पातळ करायची गोळी आली आणि त्यांची दाढ काढायचं पुढे ढकललं गेलं. ठणकत्या दाढेने त्या बाई डॉक्टरांना जे बोलल्या ते डॉक्टरांनी फोनवर आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. शेवटी म्हणाले, "शेरे माझी काउंटरवरची मुलगी टाइप करते. चूक तिची की तुमच्या सॉफ्टवेअरची, ते मला लेखी कळवा. तिची असली तर तिला ठेवणार नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नंतर कधीतरी मला वाटून गेलं की ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, पण तसं नाही. मी समोरच बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

मी एक अख्खा दिवस तपासलं. सोवळ्यात. चाळीस संतोष पुन्हा आले, आजोबा आले, गरोदर बायका आल्या, आणि दर वेळी मशीन बंद करून मी नव्याने सुरुवात केली. सगळं चोख. संध्याकाळी मी पत्र लिहिलं: "सखोल तपासणी केली असता सॉफ्टवेअरमध्ये कोणताही दोष आढळला नाही." "सखोल" शब्द मला फार आवडला होता. पहिल्या मसुद्यात तो नव्हता, मी मागाहून घातला.

तीन दिवसांनी आमच्या माळ्याचा लोखंडी जिना धाडधाड वाजला आणि एक पंचविशीची मुलगी वर आली. हातात माझ्या पत्राची झेरॉक्स आणि भिंतीवरचं कॅलेंडर, गुंडाळी केलेलं.

"यातल्या र. म. सावंत कोण?"

"मी."

"मी भारती. घाटकोपरच्या लॅबमधली. तुमचं पत्र दाखवून मला घरी बसवलंय." तिने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "तुम्ही आमच्या लॅबमध्ये कधी आल्या होत्या?"

"नाही."

"मग सखोल म्हणजे किती खोल, मॅडम?"

माझ्या तीस वर्षांत मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नाही. पण तेव्हा मला राग आला. मी तिला सांगितलं की टाइप करताना माणसाचं लक्ष विचलित होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वगैरे. जे मी नेहमी सांगायचे.

"मॅडम, समोर टकलावाला म्हातारा उभा आहे आणि मी त्याला चौथा महिना लावीन? डोळे आहेत ना मला." तिने कॅलेंडर पसरलं. ज्या ज्या दिवशी घोळ झाला त्या तारखांभोवती लाल गोल होते. "हे बघा. सोमवारी एक तरी गोल आहे? नाय. मंगळवारी नाय. सगळे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवारी लॅब बंद, तेव्हा आम्ही मशीन बंद करतो. सोमवारी ताजं असतं. मग शनिवारपर्यंत चालूच."

"चालूच? प्रत्येक पेशंटनंतर बंद नाही करत?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी चुकीच्या लग्नपत्रिकेकडे बघते. "समोर वीस माणसं उपाशीपोटी उभी असतात, मॅडम. बंद करून चालू करायला पाच मिनिटं लागतात. मारतील मला."

मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. खरं सांगायचं तर तिची चूक तिच्याच हातून दाखवून द्यावी म्हणून. म्हटलं, लॅबमध्ये करतेस तसंच कर. ती करायला लागली. नाव घातलं, शेरा घातला, छापलं, ते कार्ड बंद केलं, पुढचा. भराभर. दोन-चार पेशंट झाले की माझा हात आपोआप मशीन बंद करायला जायचा आणि ती तो बाजूला करायची, "राहू द्या ना हो." जेवायची वेळ टळून गेली. मग तिने एका अडुसष्ट वर्षांच्या बाबूरावांचं कार्ड उघडलं. शेरा घालायला ती बोटं उचलतेय तोच, मघाशी तिने एका बाईंना लावलेला शेरा तिथे आधीच लिहून आलेला होता: "गरोदर, चौथा महिना."

आम्ही दोघी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. मी तो शेरा अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचला. तिने मात्र हात टेबलावर आपटला आणि ओरडली, "हा बघा! हा बघा तुमचा मेला म्हातारा!"

नाडकर्णी सर धावत आले. बघताक्षणी त्यांचा चेहरा उतरला, कारण तो भाग त्यांनीच लिहिला होता. ते मला समजावू लागले. पेशंट गेला की त्याची नोंद पुसली जाते, पण जागेच्या खुणेवर ठेवलेला शेरा कप्प्यात तसाच राहतो. आठवडाभरात कधीतरी तीच रिकामी जागा नव्या पेशंटला मिळते, आणि कप्प्याला वाटतं की हा तोच. मी मान हलवत होते, भारती ऐकत होती.

"म्हणजे मार्केटातल्या ओट्यासारखं," ती म्हणाली. ती माहुलची, आई मासळी विकायची. "हिरामावशी वारली, तिचा ओटा माझ्या आईला मिळाला. तरी गिऱ्हाईक येऊन माझ्या आईला विचारायचं, काय गं हिरा, तुझा गुडघा कसा आहे? त्यांनी कधी तोंड बघितलंच नव्हतं, ओटा बघितला होता."

नाडकर्णींनी पंधरा मिनिटं जे सांगितलं ते तिने ओट्यावर ठेवून दिलं. आणि मला बाबांचा तागा आठवला. मी जन्मभर ताग्याचे पहिले दोन वार बघत होते. मग तागा फेकून देऊन नवीन तागा, पुन्हा पहिले दोन वार. आत कधी गेलेच नव्हते.

प्रोग्रॅम दोन दिवसांत दुरुस्त झाला. चाचण्यांच्या यादीत मी एक नवीन चाचणी घातली: एक जातो, त्याच जागी दुसरा येतो. तिचं नाव ठेवलं "ओटा". पुढे नवीन टेस्टर यायचे, "ओटा केला का?" असं एकमेकांना विचारायचे, कुणालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता.

हा लेख इथे संपला असता तर बरं झालं असतं. मी हुशार ठरले नसते, पण निदान प्रामाणिक ठरले असते.

राहिलं होतं ते डॉक्टरांना पत्र. मी मसुदा केला: दोष आमचा होता, तो मला सापडला नाही, भारतीला सापडला. नाडकर्णींनी तो वाचला आणि हळूच म्हणाले, "रजनी, दोष हा शब्द नको गं. बाकीच्या गिऱ्हाइकांपर्यंत गेलं तर आपली वाट लागेल. तिला परत घेतील एवढं बघू, बास ना?" मग पत्र गेलं ते असं: "कार्यप्रणालीत काही सुधारणा करण्यात आल्या आहेत." खाली माझी सही. पत्रिकेतला एक अनुस्वार राहिला तर ज्या बाईला झोप लागत नाही, तिने हे वाक्य एकदाही न खाकरता सहीनिशी पाठवलं.

भारतीला परत घेतलं. आठवड्याने तिचा फोन आला. "मॅडम, डॉक्टर म्हणाले, सॉफ्टवेअर सुधारलंय, आता तूही सुधार." ती हसत नव्हती. "तुम्ही एकदा त्यांच्याशी बोलाल का? तुमचं ऐकतील."

"बोलते हं," मी म्हटलं.

बोलले नाही. पहिल्या आठवड्यात काम होतं, दुसऱ्यात संकोच होता, आणि मग इतके दिवस गेले की आता कसं बोलायचं असं झालं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. काही महिन्यांनी तिने ती नोकरी सोडली आणि चेंबूरला एका दातांच्या दवाखान्यात लागली, असं तिनेच दिवाळीच्या शुभेच्छांसोबत कळवलं. मी उलट शुभेच्छा पाठवल्या. दर वर्षी पाठवते. त्यात अनुस्वार सगळे बरोबर असतात.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात नाडकर्णी म्हणाले, "रजनीच्या नजरेतून एकही चूक सुटली नाही." टाळ्या झाल्या. मी समोशाकडे बघत राहिले.

आणि मग या श्रावणात घाटकोपरला मुलीकडे राहायला गेले होते. ती म्हणाली, आई, वय झालं, रक्त तपासून घे, कोपऱ्यावरच लॅब आहे. मी कोपऱ्यावर गेले आणि पाटीवर भारतीच्या लॅबचं नाव वाचून पाय थांबले. तरी आत गेले. काउंटरवर एक नवीन मुलगी होती, घाबरत घाबरत टाइप करणारी. समोर पंधराएक उपाशी माणसं. तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "शेरे दोनदा वाच गं! त्या खुर्चीवर आधी एक होती, तिने बहात्तर वर्षांच्या मास्तरांना चौथा महिना लावला होता!"

रांग हसली. मुलगी लाल झाली. तिचा त्यात काही संबंध नव्हता, भारतीचाही नव्हता. प्रोग्रॅममधला शेरा आम्ही दोन दिवसांत पुसला होता. या खुर्चीवरचा पुसायचं काम माझं होतं आणि मी ते इतकी वर्षं तसंच ठेवलं होतं. मला रडू येईल असं वाटलं. उपाशीपोटी माझं असं होतं.

माझा नंबर आला. मुलीने नाव विचारलं, वय विचारलं, मग म्हणाली, "काकू, शेऱ्यात काही लिहायचंय का? बीपीची गोळी वगैरे?"

"लिही," मी म्हटलं. "या लॅबमधली जुन्या शेऱ्यांची चूक भारतीची नव्हती. सॉफ्टवेअर सदोष होतं, आणि ते तपासून चांगलं आहे असं मी लेखी दिलं होतं. दोष भारतीने शोधला. पूर्णविराम दे. खाली माझं नाव."

तिची बोटं थांबली. "काकू, हे रिपोर्टवर छापून येईल."

"येऊ दे. दोन प्रती काढ. एक डॉक्टरांना दे."

संध्याकाळी रिपोर्ट आणायला गेले तर डॉक्टर बाहेर येऊन उभे होते, हातात त्यांची प्रत. केस पांढरे होते. त्यांनी विचारलं, "ते पत्र तुमचं होतं?"

"दोन्ही पत्रं माझी होती."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "तिचा नंबर आहे तुमच्याकडे?" मी दिला. त्यांनी फोन केला की नाही ते मला माहीत नाही, मी विचारायला थांबले नाही.

घरी येऊन मी रिपोर्टचा फोटो काढला आणि भारतीला पाठवला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. तिने वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर मात्र येईना. मी स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. रात्रीच्या जेवणाची पानं घेताना फोन वाजला.

"शेरा वाचला, मॅडम," तिने लिहिलं होतं. "आता वरचं पण वाचा. साखर वाढलीय तुमची."

मी वरचं वाचलंच नव्हतं.